एकतर्फी राजीनामा

पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं: कमज़ोर दिल वाले इस झूले पर न बैठें।

*

सांगलीत दाराची कडी काढतात. लखनऊत कढी खातात, आणि काढतात ती कुर्त्यावरची नक्षी.

*

उंची पाच फूट तीन. रंग गोरा. बी.कॉम. राहणार पुणे. फोटो सोबत जोडला आहे.

*

पाळण्याचं बेअरिंग आजारी पडलं की आधी कुरकुरतं. मग गप्प होतं. गप्प झालं की खरी काळजी करावी.

*

कांचन सबनीसला हरायची सवय नव्हती.

*

आता हे सगळं एका माळेत ओवू.

गोष्ट सुरू झाली ती दोन मजल्यांच्या मध्ये. जून महिना, भाजून काढणारी दुपार, कैसरबागेतली एक जुनी इमारत आणि तिच्यातली लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट. दुसरा मजला सुटला, तिसरा काही आला नाही. आत एकटी कांचन, छातीशी फायलींचा गठ्ठा. तेवढ्यात वरून आवाज आला —

"घाबरो मत, मॅडम! मैं अभी कडी काढता हूँ!"

कांचनने मान वर केली. जाळीतून दोन बूट दिसत होते आणि एक पाना.

"भैया, कढ़ी तो खाई जाती है," ती म्हणाली. "और काढ़ा जाता है कुर्ता. आप दोनों काम एक साथ कैसे करेंगे?"

वरून पुटपुटणं, "आता हिला काय सांगू…"

"मराठीत सांगा की. पण जरा लवकर. इथे फार गर्मी होतेय."

बूट दचकले. बूटही दचकतात, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तो निनाद मिरजकर. मूळचा सांगलीचा. पुण्याच्या एका लिफ्ट कंपनीने लखनऊला धाडलेला इंजिनियर, निशातगंजात एका खोलीत राहणारा. आणि ती कांचन, रेल्वेतून निवृत्त झालेल्या सबनीस इंजिनियरांची लेक. जन्म लखनऊचा, घर अलीगंजात, वकिलीची परीक्षा पास होऊन कैसरबागेत एका वकिलाकडे ज्युनियर. घरात मराठी, बाहेर हिंदी, भांडताना दोन्ही.

पुढच्या आठ महिन्यांत ती लिफ्ट सात वेळा बंद पडली.

"एवढी कशी बिघडते?" वकीलसाहेब वैतागून विचारत.

"जुनी आहे," निनाद गंभीरपणे सांगे.

कांचन फायलीत डोकं घाली. तिसऱ्या मजल्यावरचं जाळीचं दार बोटभर उघडं राहिलं की लिफ्ट हलत नाही, एवढं तिला एव्हाना कळलं होतं. आणि ते दार बोटभर उघडं कोण ठेवतं, तेही.

*

१९९७चा फेब्रुवारी. रविवार. कानपूर रोडवर नवीनच उघडलेलं 'परीलोक', सगळं लखनऊ तिथे पाळण्यात बसायला लोटलेलं.

"चल. तुला काहीतरी दाखवायचंय," निनाद म्हणाला होता.

"चल. मलाही काहीतरी विचारायचंय," असं कांचन म्हणाली नव्हती. फक्त ठरवलं होतं.

त्याला कारण होतं पुण्याची ती पाच फूट तीन. निनादच्या आईने सांगलीहून पत्र पाठवलं होतं, आत फोटो. मुलगी चांगली आहे, महिनाअखेरपर्यंत होकार कळव. निनादने ते स्वतःच कांचनला वाचून दाखवलं होतं, स्कूटरवर बसून, शेंगदाणे सोलता सोलता.

"मग?" तिने विचारलं होतं.

"बघू," तो म्हणाला होता.

बघू! दातात बडीशेप अडकावी तसं ते 'बघू' तिला आठवडाभर टोचत होतं. आठ महिन्यांत दोघांचं सगळं बोलून झालं होतं, फक्त एक वाक्य सोडून. ते त्याने म्हणावं म्हणून वाट पाहिली. तो म्हणेना. बरं. मग आपण म्हणू. आजच. जायंट व्हीलमध्ये, अगदी टोकाला… तिथून त्याला पळून जाता येणार नाही.

आधी टकरीच्या गाड्या झाल्या. सगळी पोरं एकमेकांवर धडका देत किंचाळत होती आणि निनाद मात्र हात दाखवून, वळणावर थांबून, सगळ्यांना वाट देत चालला होता.

"अरे, ये टक्कर वाली गाड़ी है, यार!" कांचन ओरडली. "टक्कर मार!"

"कुणाला?"

"मला!"

त्याने मारली. इतकी हळू, की कुणीतरी आत यायला दार वाजवावं तशी. कांचनला उगीचच हसू फुटलं, आणि मग गाडी फिरवून तिने त्याला अशी धडक दिली की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"ही तुझी पद्धत?" चष्मा सावरत तो म्हणाला.

"ही आमची पद्धत. लखनवी."

"लखनवी नजाकत म्हणतात ती हीच का?"

"नजाकत बाहेरच्यांसाठी असते."

तो काहीतरी बोलायला लागला, आणि मध्येच एका पाळण्याच्या साखळीकडे पाहू लागला. आज तो असाच होता. अर्ध्यावर थांबत होता. प्रत्येक पाळण्याखाली उभा राहून साखळ्या, नट, मोटारी निरखत होता. तिच्याकडे पाहायचा, की लगेच कुठल्यातरी गिअरकडे.

जायंट व्हीलच्या पिवळ्या पाटीपाशी तर पाळणा चालवणारा माणूसच हसून पुढे आला. छातीवर बिल्ला: नरेंद्र.

"नमस्ते, इंजीनियर साहब! आज सवारी बनके?"

"हाँ, हाँ… चलो, बिठाओ," निनाद घाईघाईने म्हणाला.

"तुला कसा ओळखतो हा?" कांचनने विचारलं.

"मागे एकदा आलो होतो."

"कुणाबरोबर?"

"पान्याबरोबर," तो म्हणाला, आणि लोखंडी दांडी दोघांच्या पुढ्यात पडली.

*

पहिली फेरी. खाली मोहरीची पिवळी शेतं, कानपूरची गाडी आगपेटीएवढी. वारा तिची ओढणी उचलून त्याच्या खांद्यावर टाकत होता, ती परत घेत होती, वारा पुन्हा टाकत होता.

दुसरी फेरी. तिने परत घेणं सोडून दिलं.

तिसऱ्या फेरीत, अगदी टोकाला, चाक क्षणभर रेंगाळलं. कांचनने श्वास घेतला.

"निनाद, मला एक —"

"कांचन, मी पुण्याला राजीनामा पाठवला. काल."

चाक खाली निघालं. 

इथे जरा थांबायला हवं. कारण कांचन कैसरबागेच्या कचेरीत रोज राजीनामे लिहीत होती. म्हणजे तिकडचे राज़ीनामे. दोन भावांचं भिंतीवरून भांडण मिटलं, राज़ीनामा. भाडेकरू आणि मालक एकमताला आले, राज़ीनामा. दोन्ही पक्ष राज़ी, तो राज़ीनामा. ज खालचं टिंब, तो नुक्ता, मराठी माणूस खातोच, हेही तिला माहीत होतं. आणि नोकरी सोडणं? तिच्या घरात कुणी कधी नोकरी सोडलीच नव्हती. तिचे वडील, नाना, पस्तीस वर्षं एकाच रेल्वेत. हा शब्द त्या अर्थाने घरात यायचा कुठून?

तेव्हा तिने ऐकलं ते एवढंच, की निनादने पुण्याला होकार पाठवला. लेखी.

दुसरी कुणी रडली असती. कांचनने पाठ ताठ केली.

प्रश्न: पाठवला म्हणजे? कागदावर?

उत्तर: हो. टाइप करून.

प्रश्न: सही?

उत्तर: माझीच. दुसऱ्या कुणाची असणार?

प्रश्न: आईने दबाव आणला?

उत्तर: आईला अजून माहीतच नाही.

(पाळणा वर.)

प्रश्न: म्हणजे स्वतःहून? राजीखुशीने?

उत्तर: अगदी राजीखुशीने. आठवडाभर विचार केला मी.

प्रश्न: आणि तिला एकदा पाहिलंस तरी?

उत्तर: कुणाला?

प्रश्न: जिच्यासाठी राजीनामा दिलास तिला!

उत्तर: रोज पाहतो.

प्रश्न: रोज? फोटोत?

उत्तर: फोटोत कशाला? आत्ता पाहतोय.

(पाळणा खाली. साक्षीदार गोंधळलेला. वकीलही.)

"एक मिनिट," कांचन म्हणाली. "राजीनाम्यावर दोन सह्या लागतात. दोन पक्षांच्या. एकतर्फी राजीनामा असतो कुठे?"

"सगळे राजीनामे एकतर्फीच असतात, कांचन. मालक कशाला सही करेल?"

"कोण मालक?"

"कंपनी! मी नोकरी सोडली."

"…नोकरी?"

"नोकरी."

"अरे, मग इस्तीफा म्हण ना!" ती एवढ्याने ओरडली की पुढच्या पाळण्यातल्या दोन बायका मागे वळल्या. "इस्तीफा! राजीनामा काय राजीनामा! मला वाटलं, तू त्या पाच फूट तीनला —"

निनादने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि तो दांडीवर कपाळ टेकून हसायला लागला. तीही हसली. पाळणा हलायला लागला तसं नरेंद्र खालून ओरडला, "साहब, सीधे बैठिए! आप ही ने तो नियम लिखवाया है!"

कांचनचं हसू तिथेच थांबलं.

"नियम तू लिहवलास? आणि नोकरी सोडलीस? थांब. नीट सांग."

त्याने सांगितलं. बदलीचं पत्र आलं होतं, एक एप्रिलपासून पुणे. कंपनीच्या मते बढती, आईच्या मते देवाची कृपा. आणि इथे परीलोकला पाळण्यांवर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. तीन रविवार तो येऊन इथली सगळी यंत्रं तपासून गेला होता. ही सोळा यंत्रं आता त्याच्या ताब्यात.

"हेच दाखवायचं होतं," तो म्हणाला. चाक वर चढत होतं. "बाबा काय म्हणतील ते माहितीये. इंजिनियर केला, आणि जत्रेतला पाळणेवाला झाला. त्यांचं मी बघेन. पण तू काय म्हणशील… ते कळेना. म्हणून म्हटलं, वर नेऊन सांगावं. पळून जाता येत नाही."

"ती माझी युक्ती होती," कांचन म्हणाली.

"काय?"

"काही नाही. आधी हे सांग, मला न विचारता नोकरी सोडलीस? मी नाही म्हणाले असते तर?"

निनादने खाली पाहिलं. तिथून सगळं दिसत होतं: टकरीच्या गाड्या, घसरगुंडीचं निळं पाणी, तिकिटाची रांग.

"तर पाळणे तरी राहिले असते," तो म्हणाला.

ते इतकं साधं म्हणाला तो, की कांचनने उलटतपासणी तिथेच संपवली. कचेरीत असं कधी झालं नव्हतं. तिने पर्समधून परीलोकचा नकाशा काढला, उलटा केला, गुडघ्यावर ठेवला आणि पेनचं टोपण दाताने उघडलं.

"काय करतेस?"

"राजीनामा लिहिते. खरा. नुक्त्यासकट."

तिने लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं —

"पक्ष एक, कांचन सबनीस, राहणार अलीगंज. पक्ष दोन, निनाद मिरजकर, राहणार निशातगंज. दोन्ही पक्ष पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय, या गोष्टीला राजी आहेत की… की…"

पेन थांबलं. एवढं सगळं धीटपणे लिहून नेमकं इथे तिचे कान गरम झाले.

"की?" निनादने विचारलं. अगदी जवळून.

"तूच सांग. सगळं मीच लिहू का?"

तो पुढे झुकला. तिच्या बोटांवरून पेन धरलं, तिचा हात न सोडता, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत, कारण चाक फिरत होतं, लिहिलं: *यापुढे एकत्र राहू.*

"कुठे?" तिने मुद्दाम विचारलं.

*लखनऊत,* त्याने जोडलं.

"आणि भांडणं?"

*मराठीत.*

"छे! हिंदीत. मराठीत मी हरेन."

"म्हणूनच तर."

तिने सही केली. मग त्याने. चाक थांबलं, दांडी उघडली, पण दोघं उठेचनात. कांचनने कागद नरेंद्रपुढे धरला.

"भैया, यहाँ दस्तख़त कर दीजिए. गवाह की जगह."

"किस बात का गवाह, मैडम?"

"कि हम दोनों राज़ी हैं."

नरेंद्रने कागदाकडे पाहिलं. मग ओढणीकडे, जिचं एक टोक अजून साहेबांच्या खांद्यावर होतं.

"इसमें काग़ज़ की क्या ज़रूरत थी?" तो म्हणाला, आणि सही करून त्याने पुढच्या सवारीसाठी शिट्टी वाजवली. "अब उतरिए, साहब. लाइन लगी है."

गर्दीतून बाहेर पडताना निनाद म्हणाला, "नानांना?"

"मी सांगते. आजच. घाबरतोस?"

"घाबरतो मी," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, तर?"

"म्हणेन, पाळणे फिरवतो. सोळा. आणि त्यातला एकही अजून कुरकुरत नाही."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

कांचन थांबली. रस्त्याच्या मधोमध, लोकांच्या लोंढ्यात, तिने त्याचा हात धरला. असा, की ज्याला बघायचं त्याने बघावं.

"तर त्यांनाही इथे आणू," ती म्हणाली. "टोकाला नेऊ. आणि मग विचारू."

*

नानांनी सांगलीला मिरजकरांच्या पत्त्यावर, कांचनसाठी निनादला मागणी घालणारं पत्र टाकलं, तो या रविवारच्या आधीचा गुरुवार होता.