अम्मीची काळजी मिटली

भोरच्या एसटी स्टँडासमोर कुमारचं सायबर कॅफे होतं. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. निकाल काढून देणं, फॉर्म भरून देणं, पोरांनी कीबोर्डवर सांडलेला चहा पुसणं ही माझी कामं. साल दोन हजार आठ. मी बीएस्सी झाले होते आणि नजर, ताईत, उतारा असल्या गोष्टींचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं. म्हणून झालं ते जसंच्या तसं सांगते, अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

माझी अम्मी, सुगरा, काळजी करायची. सगळ्याच आया करतात हो, पण हिची तऱ्हाच निराळी. माझा भाऊ मोहसीन टेम्पोत भाजी भरून वरंधा घाटानं महाडला जायचा. तो निघाला की हिच्या तोंडचं पाणी पळालंच. उंबऱ्यात उभी राहायची, ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत पढायची आणि रस्त्याच्या दिशेनं फुंकर घालायची. घरातलं माणूस परत येईपर्यंत दाराला कडी नाही आणि पोटात घास नाही. दवाखान्यात छातीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत. पण हात थरथरायचे, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. ही बाई अशानं मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणखी एक दिसत होतं. तिची सगळी काळजी मोहसीनची. मी संध्याकाळी कॅफेतून घरी पोचायचे तर ही मागं चुलीपाशी, माझ्याकडे मान वळवायलाही सवड नाही. लेकीचं काय, लेक काय घाटात पडणार आहे! राग यायचा मला, खोटं कशाला बोलू.

पुण्यातल्या एका संस्थेनं अति काळजी करणाऱ्यांसाठी इंटरनेटवरून उपचार सुरू केले होते. मी अम्मीचं नाव घातलं. दर बुधवारी दुपारी शेफाली मॅडम चॅटवर यायच्या. अम्मी शेजारी बसून सांगायची, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे.

मॅडम हुशार होत्या. त्यांनी लिहिलं, “आपण काळजी करतो म्हणून माणसं सुखरूप येतात, असं तुमच्या आईला वाटतं. ते तपासून बघू. एक दिवस दारात उभं राहायचं नाही, फुंकर घालायची नाही, वेळेवर जेवायचं. सुरुवात छोट्या काळजीपासून करा.”

मी अम्मीला वाचून दाखवलं.

“नमाज सोडाया न्हाई ना सांगत ती?”

“नाही गं.”

“मग करते बाई. जीव लई दमलाय माझा.”

सगळ्यात छोटी काळजी म्हणजे शेळी. दिवसभर नदीकडे चरायची आणि उन्हं उतरली की आपली आपण दारात यायची. त्या दिवशी अम्मी तिच्यासाठी दारात गेली नाही. शेळी आली नाही. सकाळी बघतो तर गल्लीतच होती. आमच्या दारापुढून जात होती, परत येत होती आणि ओरडत होती. मी कान धरून उंबऱ्यापर्यंत ओढली, तर हिसका देऊन पळाली. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बनाबाईनं तिला आपल्या अंगणात बांधलं.

“जनावराला काय चावलं असंल,” बनाबाई म्हणाली. मलाही तेच वाटलं. आणि अम्मी त्या रात्री गाढ झोपली होती, ते जास्त महत्त्वाचं होतं.

मग मोहसीनची पाळी आली. अम्मीला जड गेलं. बुधवारामागून बुधवार ती नुसती रडायची, पण मॅडमनी धीर सोडला नाही. एके दिवशी दुपारी तिनं खरंच दार लोटून घेतलं, पोटभर जेवली आणि आडवी झाली.

चारच्या सुमारास कॅफेत मोहसीनचा फोन आला. “अफसाना, म्या सारोळ्याच्या पुलावर हाय.”

“महाडहून येताना भोर ओलांडून सारोळ्याला कशाला गेलास?”

“गेलो न्हाई गं. घरीच येत व्हतो.”

मी हसले. दुसऱ्या दिवशी तो नसरापूरला पोचला. तिसऱ्या दिवशी मीच स्टँडावर जाऊन त्याला घेतलं. तिशीचा बाप्या, लाज वाटत होती त्याला, तरी मी हात सोडला नाही. मशिदीवरून वळलो, बनाबाईचं दुकान ओलांडलं. दार ढकलायला म्हणून मी हात पुढे केला आणि मागे बघितलं.

मोहसीन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. भलतीकडेच बघत होता.

त्याचा हात मी कधी सोडला, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानं नसरापूरला खोली घेतली. “हितं निदान माझी खोली मला सापडती,” म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी मॅडमना सगळं लिहिलं. उत्तर आलं, “भावालाही ताण दिसतोय. त्यांचंही नाव नोंदवा.” शहाण्या बाईनं जे लिहावं तेच त्यांनी लिहिलं, मीही तेच लिहिलं असतं.

घरी आले. अम्मीचे गाल भरले होते, रंग उजळला होता. मी तिच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. “अम्मी, एकदाच. मोहसीनसाठी पहिल्यासारखी उभी राहा दारात.”

ती उठली. उंबऱ्यात गेली, पदर सारखा केला, आयत पढली, ओठांचा चंबू केला. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली.

“येत न्हाई गं आता,” ती म्हणाली आणि गोड हसली.

त्यानंतरच्या बुधवारी मी सकाळीच पुण्याला गेले. मोहसीनच्या टेम्पोच्या कागदांचं आरटीओत काम होतं. आज मी कॅफेत नाही, तर अम्मीचं चॅटला बसणं आपोआप बुडेल, असा माझा हिशोब होता. परतायला दिवस कलला. स्टँडावर उतरले, कॅफेत डोकावले.

“अम्मी येऊन गेल्या की,” कुमार म्हणाला. “मीच टाइप करून दिलं. आधी किती रडल्या! मग जाताना हसत गेल्या बघ.”

पडद्यावर चॅट तसंच उघडं होतं. शेवटी मॅडमचा निरोप होता.

“अभिनंदन, सुगराबाई. सगळ्यात मोठी काळजी तुम्ही शेवटी बोलून दाखवलीत आणि सोडूनही दिलीत. रोज संध्याकाळी मुलीची पावलं गल्लीत वाजेपर्यंत दारात उभं राहायचं आणि तिला कळू नये म्हणून पळत चुलीपाशी जायचं, किती दमला असाल! आता त्याची गरज नाही.”

मी दोनदा वाचलं. इतकी वर्षं! एकदा तरी बोलायचंस ना, बये.

पर्स उचलली आणि निघाले. चौक, मेडिकल, मशीद. बनाबाईचं दुकान. त्यापुढे चार पावलांवर आमचं दार.

चार पावलं टाकली. समोर एसटी स्टँड होतं.

परत वळले. मेडिकल, मशीद, दुकान. पुन्हा स्टँड. फलाटावर सातारा गाडी लागली होती.

तिसऱ्या वेळी बनाबाईनं विचारलं, “काय गं, येरझाऱ्या कसल्या घालतीस?”

“बनाबाई, आमचं घर कुठंय?”

“अगं बाई! हे काय समोर.” तिनं बोट दाखवलं. मी त्या बोटाकडे बघितलं.

दुकानाच्या फळीवर एक रुपयाचा फोन होता. नाणं टाकलं, घरचा नंबर फिरवला. अम्मीनं लगेच उचलला.

“अम्मी, मी कोपऱ्यावर आहे. मला घर सापडत नाहीये. तू दारात ये, मला हाक मार.”

पलीकडून भांडी आवरल्याचा आवाज आला.

“आज इतकं हलकं वाटतंय बघ,” ती म्हणाली. “दोन भाकरी खाल्ल्या. आता जरा पडते.”

“अम्मी, मी अफसाना बोलतेय!”

“व्हय की, वळखलं न्हाई व्हय म्या?” ती मायेनं म्हणाली. “बरं, मग ठेवू?”