शांतकुलूप

त्या फाटकाला किल्ली नव्हती. समोर उभ्या राखणदाराचं मन शांत असेल तरच ते उघडे.

गिधाडं संपल्यावर मेलेल्या गुरांची विल्हेवाट लावायला माणदेशच्या माळावर आफ्रिकेतली ठिपकेवाली तरसं आणून ठेवली होती, त्या काळची ही गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, कुलूप मनावर कसं चालेल? आपण घाबरलो की घामात ताणाची रसायनं उतरतात. राखणदाराच्या मनगटावरची पट्टी ती ओळखायची. मन शांत, तर पट्टी हिरवी आणि कडी आपोआप सरके. भीती वाटली की पट्टी लाल आणि फाटक बंद. म्हणजे तरस अंगावर आलं, तरी कळप गावात शिरायला नको. याला म्हणत शांतकुलूप.

तरी महिन्यात दोनदा तरसं निसटली आणि दोन्ही वेळा आत राखणदार कौसल्या मदनेच होती. "हिनंच सोडली," अशी कुजबुज सुरू झाली. कौसल्याचा संशय फाटक दुरुस्त करणाऱ्यांवर. तरसांच्या कळपात मादीचं राज्य असतं. इथली म्होरकी कारभारीण. तिला कौसल्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. ती कसला दगा देतेय!

त्या सकाळी मांस टाकून कौसल्या बाहेर पडायला फाटकापाशी आली. मनोऱ्यावरून दुर्बीण लावून बसलेल्या, तरसांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर फडत्र्यांचा आवाज कानातल्या यंत्रात आला.

"सापडलं, कौसल्याताई! तुम्ही फाटकाकडे निघालात की कारभारीण आडवी होऊन जांभया देते. तुमची पाठ वळली की तिचे कान ताठ!"

"दमली असंल."

"नाही हो. घाबरलेलं तरस एकच खटपट पुन्हापुन्हा करतं. निवांत तरस नाना तऱ्हा करून बघतं आणि चालेल ती धरतं. तुम्ही शांत झालात की फाटक उघडतं, हे तिनं हेरलंय, म्हणून हे निवांतपणाचं सोंग."

कौसल्यानं वळून पाहिलं. कळप तिन्ही बाजूंनी गवतात दबा धरून बसला होता. पट्टी लाल झाली.

"आत्ता सांगता व्हय? भाईर आल्यावर सांगायचं की! उघडा तिकडनं."

"इकडून उघडत नाही. माणसाच्या हाती किल्ली नको, म्हणून तर..." डॉक्टर अडखळले. "ताई, तुमच्यामागे फाटकापलीकडे वस्ती आहे. माणसं जाळी घेऊन निघालीत. तोवर शांत होऊ नका. घाबरलेल्याच राहा!"

वस्तीवर तिची लेक अंगणात खेळत होती. घाबरणं अवघड नव्हतं.

तेवढ्यात कारभारीण उठली. मान खाली घालून सावकाश आली आणि पिल्लू असताना ठेवायची तशी हनुवटी तिच्या पायावर ठेवून तिनं डोळे मिटले. कोमट श्वास घोट्याला लागत होता.

हे खोटं आहे, कौसल्या स्वतःला बजावत राहिली. आणि बजावता बजावताच तिचा हात त्या मानेवर गेला.

"ताई, नको!"

पट्टी हिरवी झाली. पाठीमागे कडी सरकली, आणि कारभारणीनं डोळे उघडले.