झेलिगनं दार वाजवलं न्हाई

झेलिगला ऐकू आलं त्यो वारा व्हता म्हणं. मोरिस वकील बंगल्यात बसून काय बी म्हणंल. वारा माणसाला बापाच्या नावानिशी हाक मारतोय व्हय रं, आशेर?

झेलिग माझ्या मावशीचा ल्योक. हितं अमेरिकेत, युटिकात, गुरांची दलाली करतोय. गोष्ट रचायला डोकं लागतं, ते त्याला न्हाई.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार, रात्रीचं अकरा. गावातलं जुनं सिनेगॉग, आपल्या यहुद्यांचं प्रार्थनाघर, सहा वर्सं बंद पडलेलं. बापजाद्यांनी दारोदार पाठीवर गठुडी वाहून, शिवणकामात बोटांना सुया टोचून घेऊन बांधलं. नातवंडं गावाभाईर हिरवळीच्या बंगल्यांत राहायला गेली आन् तिकडंच नवं बांधलं. जुनं विकायला काढलं. तोराची, आपल्या धर्मपोथीची, एक गुंडाळी आत राहिली व्हती. समितीनं झेलिगला धाडलं, ट्रक त्याचा म्हणून. शनिवारी पोथीच्या वाचनाला नाव घेऊन त्याला कधी बोलावलं न्हाई हां. त्यो मान देणगीवाल्यांचा. ओझ्याला झेलिग.

रात्री सिनेगॉगात शिरायच्या आधी दार वाजवायचं, हे आपल्यातलं शेंबडं पोर जाणतंय. आत मेलेली माणसं प्रार्थनेला बसत्यात. त्यास्नी उठून जायला सवड द्यायची.

त्याची बायको फ्रूमा म्हणाली बी, "दार वाजीव बरं का."

"जित्यांनी सोडलं तिथं मेलेलं कशाला थांबत्यात? तुझी आई असंल तर सांग, वाजवतो."

आन् लाथंनं दार ढकललं.

आत अंधार. त्यानं कपाट उघडलं, गुंडाळी छातीशी धरली. वळला.

मागं पानं चाळल्यागत आवाज…

थांबला.

"झेलिग… शिमोनचा ल्योक… वाचनाला यावं."

अशी हाक आली की जावंच लागतं. न्हाई गेला त्यो वर्स काढत न्हाई.

झेलिग वाचनाच्या चौथऱ्यावर चढला. उघडायची छाती झाली न्हाई. गुंडाळी वेष्टनासकट ठेवली. वाचनाआधीची प्रार्थना म्हणला.

"आमेन."

एकाचा आवाज न्हाई. समदी बाकं…

त्यानं गुंडाळी परत छातीशी धरली.

पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी त्यो भाईर आला.

शनिवारी नव्या सिनेगॉगात समद्यांदेखत वेष्टन काढलं. दर शनिवारी आपण एक भाग वाचतो, तेवढी गुंडाळी पुढं सरकते, वर्सात पुरी हुते, मग पुन्ना पहिल्यापासनं. बंद जागंतली ती सहा वर्सांमागं उन्हाळ्यात थांबली तिथंच पायजे का न्हाई?

त्याच शनिवारच्या भागावर व्हती. त्याच ओळीवर.

जित्यांनी सहा वर्सं टाकली. आत एक शनिवार चुकला न्हाई.

अध्यक्ष तू हाईस, आशेर. सोमवारी विक्रीच्या कागदावर सही करायची न्हाई.