काळ्या बाटलीचा पत्ता

"काळी झाली! अरे पळत या!" चष्मिष किंचाळली.

लंबू आणि त्याची धाकटी बहीण चिमणी धडपडत आले. टॉवेलात गुंडाळून उबेला ठेवलेल्या तीन बाटल्यांपैकी दोन होत्या तशाच होत्या. तिसरीतलं पाणी मात्र शाईसारखं काळं!

बाटल्या दिल्या होत्या चष्मिषच्या आत्याने. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. "आतल्या कागदाला औषध लावलंय. पाण्यात सांडपाण्याचे जंतू असले, की दीड-दोन दिवसांत काळं पडतं," तिने बजावलं होतं.

सुट्टीतल्या क्रीडा शिबिरात आठ मुलांची पोटं बिघडली होती आणि व्यवस्थापककाकांनी खापर फोडलं सरबतवाल्या मावशीवर! ती लंबू-चिमणीची सख्खी मावशी. म्हणून तिघांनी नळाचं, पिंपाचं आणि मावशीच्या कळशीचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलं होतं. आज चार वाजता शिबिराच्या अध्यक्षबाई तिचं दुकान बंद करणार होत्या.

"काळी कुठली? मावशीच्या कळशीची नाही ना?" लंबूने घाईघाईने विचारलं.

चष्मिषने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "मैदानावरचं पिण्याचं पिंप!"

"पण पिंप आणि कळशी एकाच नळावर भरतात! नळाची बाटली तर चांगली आहे," चिमणी म्हणाली.

"म्हणजे गडबड मधेच होतेय. चला!"

तिघं पिंपाजवळच्या भिंतीआड दबा धरून बसले. थोड्या वेळाने खुद्द व्यवस्थापककाका आले. तुंबलेल्या मोरीत पाण्याचा जोर मारायला घातलेला हिरवा पाइप त्यांनी ओढून काढला, दोनदा झटकला आणि सरळ पिंपात सोडला!

"ई!" चिमणीने तोंड दाबून धरलं.

चार वाजता तिघांनी अध्यक्षबाईंसमोर बाटल्या मांडल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"हा कसला पोरखेळ!" काका भडकले. "पाइप झटकतो मी चांगला! हे बघा, मीच पितो!" त्यांनी पिंपातून ग्लास भरला आणि ओठांना लावला.

खाडकन ग्लास उडाला! मावशीने फटका मारला होता.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? आठ पोरं आजारी पडलीत!"

काका बघतच राहिले. "मी तुमचं दुकान उठवायला निघालो होतो, आणि तुम्ही..."

"म्हणून काय विष पिऊ देऊ?"

काकांची मान खाली गेली. अध्यक्षबाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आम्ही मोठ्यांनी बोट दाखवलं, तुम्ही तपास केलात!" मग त्यांनी सगळ्यांसमोर मावशीची माफी मागितली, आणि लंबूला एकदम रडूच फुटलं.