शेवटची चौकट

पैलवान सापडला तेव्हा सफरचंदांच्या खोक्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन, अंगावर पोती ओढून बसला होता. सगळ्यांना वाटलं, संपला. मग पोतं हललं.

हा शीतगृहातला हमाल. काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान. रात्रभर दार बडवून त्याच्या मुठी सोलवटल्या होत्या. दवाखान्यात नेलं तेव्हा वाचा बसली होती. त्याला बोलता येईना म्हणून बाकीचेच बोलत सुटले. फौजदारबाई पोचेपर्यंत गुन्हेगार ठरूनसुद्धा गेला होता.

"सुनेनं कोंडलं," सुपरवायझर म्हणाला. "काल सकाळी फाटकातच दोघांची जुंपली होती, सगळ्यांनी ऐकलंय. दारावरची नोंद तिच्याकडे. बघा की, सासऱ्याचं नावच टाकलेलं नाही."

बाईंचं लक्ष पैलवान सापडला त्या थंड खोलीकडे होतं. खिडकी नाही, फट नाही. बाईंना बंद जागेचं वावडं होतं. लिफ्ट असली तरी जिने चढायच्या, चौकीतल्या स्वतःच्या खोलीचं दार कधी लोटायच्या नाहीत.

"आतून उघडत नाही?"

"आत घंटा आहे ना. वाजवली की बाहेरून उघडतात."

बाईंनी हात घालून घंटा दाबली. आवाज नाही.

"कधीपासून बंद?"

"दुरुस्तीला सांगितलंय."

"मी कधीपासून विचारलं."

सुपरवायझरनं छताकडे पाहिलं.

सून दाराशेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरपुढे बसली होती. पर्स छातीशी आवळलेली. नवऱ्यानं दवाखान्यातून एवढाच निरोप धाडला होता: इकडे येऊ नकोस. बाहेर पोलिसांची गाडी उभी. तिला जायला जागाच उरली नव्हती.

"नाव टाकलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"टाकलं. भांडले म्हणून काय बाबांना गोठवेन मी?"

"मग गेलं कुठे?"

"मी टाईप करत होते, तेवढ्यात शाळेतून फोन. पोरगं जिन्यावरून पडलं म्हणे. बोलायला बाहेर पळाले. परत आले तर कॉम्प्युटर बंद, खोलीत अंधार, दाराला अडसर. नोंद बंद झाली की अडसर आपोआप पडतो, पण आत कुणाचं नाव असलं की पडतच नाही, बाई. म्हटलं, बाबा काम आटपून निघून गेले."

"घरी आले नाहीत तरी शोधलं नाहीस?"

"रुसले की आत्याबाईंकडे जाऊन बसतात. तिथे माझ्या तक्रारी सांगतात आणि वर दोनदा जेवतात." तिला हसू आलं आणि त्याचं लगेच रडू झालं.

बाईंनी कालची नोंद उघडायला लावली. खोली होती. माल होता. वेळ होती. फक्त शेवटची चौकट, 'आत कोण', कोरी.

"आता माझी नोंद कर."

सून भरू लागली. प्रत्येक चौकट झाली की तिची करंगळी आपोआप टॅबच्या बटणावर जायची आणि ती पुढच्या चौकटीत उडी मारायची. स्वयंपाकाच्या बाईनं न बघता मीठ टाकावं तसं.

"पुन्हा कर. मी सांगेन तिथे हात उचल."

शेवटच्या चौकटीत 'फौजदारबाई' उमटलं. "उचल!" बाईंनी फॉर्म बंद करायच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. 'साठवू का?' असं पडद्यानं विचारलंदेखील नाही. बाजूला अडसर पडला, खट्! नोंद परत उघडली. शेवटची चौकट कोरी.

"म्हणजे चौकटीतून बाहेर पडल्याशिवाय तिच्यातलं साठत नाही," बाई पुटपुटल्या.

"मग मी सुटले?"

"कुठली? फुली तूच मारलीस असं म्हणतील. मारणारा सापडायला हवा."

बोलावल्यावर सुपरवायझर खाली येऊन म्हणाला, "मी वरच्या ऑफिसात होतो. दिवसा कॉम्प्युटर कोण बंद करतंय? जनरेटर चालवून बघायचा असला तरच. ते कधी मी करतो, कधी मिस्त्री."

मिस्त्री, म्हणजे यंत्रं सांभाळणारा, पैलवानाचा जुना दोस्त. डोळे सुजलेले. "मी कॉम्प्रेसरला तेल देत होतो. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, बाई. बोटसुद्धा लावत नाही."

बाईंनी सोबतच्या हवालदारणीच्या हातात दाराची किल्ली दिली. मिस्त्रीला फाटकाबाहेर धाडलं. स्वतःचं नाव शेवटच्या चौकटीत टाईप करून ठेवलं आणि सुपरवायझरला म्हणाल्या, "मी आत जातेय. फॉर्म बंद करा."

"घ्या. नाव आहे म्हटल्यावर दार लागणारच नाही."

दार मागे टेकलं. खट्! काळोख. थंडी बाईंच्या कानांत शिरली. किल्ली फिरेपर्यंत त्या देवाला नाही नाही ते कबूल करून बसल्या.

बाहेर सुपरवायझर पांढराफटक पडला होता. "नाव होतं हो! मी पाहिलं होतं!"

त्याला वर पाठवून मिस्त्रीला बोलावलं. पुन्हा तेच नाव, तीच चौकट.

"मला येत नाही, बाई."

"कोपऱ्यात फुली आहे. मी आत जातेय."

"तुम्ही कशाला आत?"

"थंड हवा खायला."

दार टेकलं. बाई वाट पाहत राहिल्या. दिवा तसाच जळत होता. अडसर पडलाच नाही. त्यांनी दार ढकललं, ते सहज उघडलं.

मिस्त्री घामाघूम उभा होता. टॅबच्या बटणावर तेलकट बोटाचा ठसा होता.

"सुपरवायझरनं मला बिनधास्त कोंडलं," बाई म्हणाल्या. "त्याला प्रोग्रॅमची खोड ठाऊकच नव्हती. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्यानं मात्र आधी टॅब दाबलं. चौकटीतून बाहेर पडल्याशिवाय नाव उरत नाही, हे तुला कुणी शिकवलं?"

मिस्त्रीनं बोटावरचं तेल विजारीला पुसलं.

"जनरेटर चालवायचा होता. पोरगी बाहेर गेलेली. नाव दिसत होतं, म्हणून निर्धास्त बंद केलं. सकाळी तो सापडला तेव्हा मी गुपचूप करून पाहिलं... आणि कळलं."

"दार चुकून लागलं. त्यात बंद घंटेचाही हात आहे, आणि ती बंद ठेवणाऱ्याचाही. तो जबाब मी वर जाऊन घेणारच आहे. पण सकाळपासून ही पोरगी कोंडलेली आहे, ती तुझ्या गप्प बसण्यानं."

"भ्यालो, बाई."

"मग आत्ता का वाचवलंस मला? नुसती फुली मारली असतीस तर सुटला असतास."

"आत माणूस होता ना," मिस्त्री रडत म्हणाला. "दुसऱ्यांदा नसतं झालं माझ्यानं."

बाईंनी त्याला हवालदारणीबरोबर गाडीकडे धाडलं. मग त्यांनी प्रोग्रॅम बनवणाऱ्याला फोन लावला. "फॉर्म बंद होताना चौकटीत जे असेल ते आधी साठवायचं. आजच. आणि ते होईपर्यंत या दाराला अडसर नाही."

सून केबिनच्या उंबऱ्यात उभी होती. पाय उचलत नव्हता.

"जा की. नवऱ्याशी बोललेय मी. पैलवानाला वाचा फुटलीय, तुलाच विचारतोय."

"काय म्हणून विचारतायत?"

"'काल मी आत शिरताना काहीतरी बोलता बोलता फोन आला नि निघून गेली, पुढे काय म्हणणार होती विचारा,' म्हणे."

सुनेनं डोळे पुसले. "शाल घेऊन जा म्हणणार होते. आत गार असतं."

"मग ते जाऊन सांग," बाई म्हणाल्या, आणि खोलीचं दार सताड उघडं ठेवून त्याला खोक्याची टेकण लावली.