'कुंडलिका'चा आवाज

सकाळचा चहा हातात येतो न येतो तोच रेडिओवर कॅप्टन बावतीस परेरांनी विचारलं, "पोरी, आज आम्ही कोण?"

"मासेमारीची ट्रॉलर, काका," लेफ्टनंट उल्का सावे म्हणाली.

"बरं झालं. कालचं गाळ उपसणारं ड्रेजर काही अंगाला शोभत नव्हतं."

युद्ध सुरू झाल्यापासून अरबी समुद्रातून मालवाहू जहाजं ताफ्यानेच जात, सोबतीला उल्काची युद्धनौका. शत्रूच्या पाणबुड्या जहाज ओळखत ते पाण्याखाली फिरणाऱ्या त्याच्या पंख्याच्या आवाजावरून. म्हणून प्रत्येक जहाजाच्या बुडाला नादपत्रे ठोकले होते. ते जहाजाचा स्वतःचा आवाज गिळून भलत्याच जहाजाचा आवाज काढत. तेलवाहू 'कुंडलिका' छोटी लाँच होऊन चालली होती, आणि तिचा खरा आवाज एका बिनमाणसांच्या तराफ्यावर चढवला होता. फोडायचंच तर पाणबुडीने तराफा फोडावा.

आवाज वाटायचं काम उल्काचं. पण पाणबुडीला ओढून आणणारा धोक्याचा आवाज द्यायचा तर आधी कॅप्टनला विचारायचं आणि त्याने "घेतला" म्हणायचं, असा ताफ्याचा रिवाज होता. घेतला की तो इंजिनघरातली माणसं वर बोलावी, कारण टॉर्पेडो पंख्यावरच येऊन आदळतो.

दुपारी तराफ्याची बॅटरी बसली, आवाज बंद पडला. नेमकी तेव्हाच पाणबुडीची चाहूल लागली. एवढी मोठी तेलवाहू एकाएकी गप्प झाली तर सोंग उघडं पडणार. तराफ्याच्या सगळ्यात जवळ परेरांचं गव्हाचं जहाज होतं. उल्काने रेडिओ उचलला आणि परत ठेवला. वेळ नव्हता म्हणावं तर तसंही नाही, वेळ होता. परेरा नाही म्हणाले तर काय, याचीच तिला धास्ती होती. तिने मुकाट्याने बटण दाबून 'कुंडलिका'चा आवाज त्यांच्या जहाजावर चढवला.

'कुंडलिका' वाचली, परेरांचं जहाज बुडालं. टॉर्पेडो सुटताच पाणबुडीची जागा कळली आणि युद्धनौकेने तिला हुसकून लावलं. परेरांना आणि त्यांच्या खलाशांना बोटींनी उचलून आणलं. इंजिनघरातले चौघे तेवढे आले नाहीत.

परेरा ओल्या कपड्यांनिशीच तिच्यासमोर उभे राहिले. "ट्रॉलरवर कुणी टॉर्पेडो वाया घालवत नाही, मॅडम. दुपारी आम्ही कोण होतो?"

सकाळची पोरी आता मॅडम झाली होती. यंत्र बिघडलं असं ती सांगू शकली असती, आणि कुणी तपासलंही नसतं.

"कुंडलिका," ती म्हणाली.

"विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

परेरा म्हणाले, "घेतला असता. 'कुंडलिका'वरही माणसंच आहेत. फक्त आमच्या चौघांना वर बोलावलं असतं."

उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण ते वळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चहा तसाच निवत होता. रेडिओवर पुढच्या जहाजाच्या कॅप्टनने विचारलं, "मॅडम, आज आम्ही कोण?"

"लाँच," उल्का म्हणाली.

 कॅप्टनने पुन्हा विचारलं, "दुपारीही लाँचच ना?"