चांगुणाकाकूचे दोन हंडे

खरं सांगतो म्हणून शपथ घेणार नाही. आयुष्यात एकदाच चारचौघांत शपथ घेतली आणि ती खोटी होती. तिचीच ही हकिगत आहे. पटली तर पटली.

साल १९६३. वैशाखातले दिवस. वेळ दिवेलागणीची.

वडनेर भोलजीहून पूर्णा नदीकडे निघालं की आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर कुठेही खणा, पाणी खारंच. त्यात डाळ शिजत नाही. प्यायचं गोड पाणी दीड कोसावरून आणायचं, नदीच्या वाळूत झिरे उकरून.

गावात भगवंतरावांची पिठाची चक्की होती. मी, शालिग्राम, तिथे इंजिन ड्रायव्हर होतो. इंजिन जुन्या बोटीचं. मालकांनी मुंबईहून आणलेलं, शेगाव स्टेशनावर उतरवून बैलगाडीनं गावात आलेलं. आमच्या गावात समुद्र पाहिलेलं तेवढं एकच आहे, असं लोक चेष्टेनं म्हणायचे.

सोबत आलेल्या फिटरनं एक गोष्ट मला तीनदा बजावली. इंजिन थंड राहायला सतत पाणी ओढतं. बोटीवर समुद्राचं, इथे विहिरीचं. दोन्ही खारं. म्हणून रोज बंद करण्याआधी नळी गोड पाण्यात टाकायची आणि दोन हंडे पाणी आतून फिरवायचं. बाहेर पडणारं पाणी तळहातावर घेऊन चाखायचं. पहिलं खारट लागतं. गोड लागायला लागलं की बंद करायचं. नाहीतर आत मीठ बसतं.

हे दोन हंडे रोज चांगुणाकाकू आणायची.

विधवा बाई. पन्नाशीची. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर. एका हंड्याच्या गळ्याला तांब्याचं ठिगळ होतं. त्या बदल्यात मालक तिचं दळण फुकट दळून द्यायचे. आणखी चार घरी ती प्यायचं पाणी भरायची. त्यावर तिचं पोट चालायचं.

माझी बायको विमल डोणगावची. तिकडे पाणी गोड. त्या वर्षी तिला सातवा महिना होता आणि आमचं पाणी तिच्या पोटात ठरेना. मी पहाटे नदीवर जाऊ शकत होतो. गेलो नाही. बाप्या माणसानं डोक्यावर हंडा आणला तर गाव हसेल, याची मला लाज वाटायची.

म्हणून मी चक्कीवरचा एक हंडा घरी न्यायला लागलो. मालकांनी दिला, असं विमलला सांगितलं.

इंजिन एका हंड्यात धुवायचो. शेवटी पाणी खारटच लागायचं. थुंकायचो आणि बंद करायचो. लोखंडाला काय कळतं, असं वाटायचं.

दोन महिन्यांत इंजिन तापलं आणि भर दुपारी फुटलं.

फिटरनं उघडून दाखवलं. आत मिठाचे पांढरे थर. तो म्हणाला, रोज गोड्या पाण्यानं धुतलं असतं तर हे झालं नसतं.

दळणाला आलेली माणसं गोळा झाली. चांगुणाकाकूही उभी होती. तिचे हंडे पालथे होते, आत थेंब नव्हता.

मालकांनी मला विचारलं, "शालिग्राम, तू रोज चाखत होता ना बे? हिचं पानी गोड होतं का खारं?"

माझी नोकरी जाणार होती. पोटुशी बायको घरी होती. ही कारणं मी आजवर स्वतःला हजारदा दिलीत.

मी म्हणालो, "महाराजाची आन मालक, खारंच होतं. मले वाटलं, उन्हाळ्यानं नदीचंच तसं झालं असन."

मालक तिच्याकडे वळले. "म्हंजे नदीवर न जाता हितल्याच विहिरीचं भरून देऊन राह्यली होती तू?"

ती म्हणाली, "मालक, माह्या टाचा पाहा. वाळूनं भाजल्या."

कुणी पाहिल्या नाहीत.

मग ती माझ्याकडे बघून हळूच बोलली, "शालिग्राम, तुह्या जिभेले ठाव हाये."

मी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चारही घरांनी तिचं पाणी बंद केलं. तिसऱ्या दिवशी भर उन्हात ती हंडे घेऊन निघाली. वेशीवर कुणीतरी हटकलं. ती म्हणाली, "आता समद्या गावानं चाखून पाह्यलंच पाह्यजे."

संध्याकाळी ती झिऱ्यापाशी पडलेली सापडली. ऊन लागून जीव गेला होता. बाजूला दोन्ही हंडे काठोकाठ भरलेले. माणसांनी तिला उचललं. हंडे कुणी उचलले नाहीत. मीही नाही.

सकाळी ते तिथे नव्हते.

पंधरा दिवसांनी इंजिन दुरुस्त झालं. मालक म्हणाले, "आता गोडं पानी तूच आन." पहिल्याच दिवशी मी आणलं नाही. संध्याकाळी गिऱ्हाईकं गेली. बाहेर अजून उजेड होता. तसंच बंद करावं म्हणून मी हात पुढे केला...

ठण्ण.

दारातल्या फरशीवर पितळी हंडा ठेवल्याचा आवाज.

इंजिन चालू असलं की चक्कीत ओरडून बोलावं लागतं. पण हा आवाज कानाशी झाल्यासारखा आला.

मग दुसरा...

ठण्ण.

मी वळून पाहिलं. दारात दोन हंडे. काठोकाठ. एकाच्या गळ्याला तांब्याचं ठिगळ.

बाहेर रस्ता रिकामा. दारातल्या धुळीत ओलं पाऊल नाही. थेंबसुद्धा नाही.

हाताला सवय होती. हातानं नळी हंड्यात टाकली. बाहेर पडलेलं पहिलं पाणी मी तळहातावर घेतलं...

गोड.

दिवसभर खारं पाणी प्यालेल्या इंजिनातून पहिल्याच धारेला गोड पाणी येत नाही. कधीच नाही.

मी इंजिन बंद केलं. त्या शांततेत दाराबाहेर कुणीतरी ओझं उतरवल्यावर सोडतात तसा श्वास सोडला...

हुश्श.

बाहेर कुणी नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. दिवेलागणीला हंडे यायचे, सकाळी नसायचे. पाचव्या दिवशी मी काय केलं, ते सांगायलाही जीभ रेटत नाही. त्यातला एक हंडा मी पुन्हा घरी नेला.

विमलनं एक घोट घेतला आणि थुंकला. "हे काय आनलं तुमी? खारं हाये."

मी प्यालो. गोड होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नदीवर गेलो. भर गावातून डोक्यावर हंडा घेऊन आलो. कुणी हसलं नाही. झिऱ्याचं पाणी मी तिथेच चाखलं होतं, गोड होतं. पण माझ्या हातचं पाणी विमलनं परत थुंकलं. मग शेजारच्या अंबूबाईंनी त्याच हंड्यातून तांब्या भरून दिला. तो ती गटागटा प्याली.

तेव्हा मी खऱ्या अर्थानं घाबरलो.

संध्याकाळी दारातल्या हंड्यातून तांब्या भरला आणि मालकांच्या ओसरीवर गेलो. म्हणालो, "मालक, चाखा. गोड हाये. चांगुणाकाकू खरी होती."

त्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं करून अंगणात थुंकले.

"खारं हाये बे. अन् तवा तूच त आन घेऊन सांगलं होतं."

मी परत परत सांगत राहिलो, गोड आहे, गोड आहे. ते माझ्याकडे तसेच बघत होते, जसे त्या दिवशी तिच्याकडे बघत होते. एक हंडा मी घरी नेत होतो, हे मात्र तेव्हाही तोंडातून निघालं नाही. ते आज पहिल्यांदा सांगतोय.

मी चक्की सोडली आणि डोणगावला सासुरवाडीच्या गावी आलो. माझ्यामागून आलेल्या ड्रायव्हरला हंडे कधी दिसले नाहीत, असं ऐकलं.

पण माझं तसंच राहिलं. मुलं माझ्या हातचं पाणी कधी प्याली नाहीत. पाहुणा आला की मी दुसऱ्याला हाक मारतो. लोक म्हणतात, शालिग्राम आलेल्याला साधं पाणी देत नाही, मोठा माजोरी. मी ऐकून घेतो.

गेल्या वर्षी विमल गेली. शेवटच्या घटकेला सगळ्यांनी तिच्या तोंडात पाणी घातलं. ती गिळत होती. मग मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुमी."

मला नाही म्हणता आलं नाही. तांब्यातलं पाणी चमच्यानं तिच्या ओठाला लावलं.

डोळे मिटलेले होते तिचे. शुद्ध नव्हती...

तिनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड फिरवलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. चमच्यात उरलेलं पाणी मी चाखून पाहिलं.

गोड होतं.